पाठीमागचा घाव

मध्ययुगातली माणसं एकमेकांना कशी मारत होती, हे शोधण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती, आणि घरात झुरळ निघालं की तो बायकोला हाक मारायचा. जुन्या रणांगणांवर सापडलेल्या कवट्या हा त्याचा विषय. कॉलेजात त्याला आठवड्याला दोनच तास मिळायचे, तेही तासिका तत्त्वावर. पोरं मागे ‘कवटी सर’ म्हणायची. बाकी सगळा वेळ तो रिकामा. बायको लॅबमध्ये नोकरी करून घर चालवायची आणि हा स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर येरझाऱ्या घालायचा. कुकर लावायचा, शिट्या मोजायला विसरायचा, परत कवट्यांकडे वळायचा.

“बसलास तरी पाय हलवतोस,” बायको म्हणायची. “बघूनच मी दमते.”

विषय निघाला की मात्र गडी खुलायचा. घाव कपाळावर असेल तर माणूस समोर उभा होता, मागे असेल तर पळत होता. राजांच्या पदरचे भाट लिहून गेले की आमचे सगळे वीर छातीवर वार झेलून पडले आणि शत्रूनेच आधी कुरापत काढली. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! “हाडं भाटगिरी करत नाहीत,” हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. लग्नात त्याने ते म्हटलं की आजूबाजूचे पाहुणे ताट घ्यायला उठायचे.

त्या दिवशी मुलीच्या शाळेतून फोन आला. बारा वर्षांच्या ठकीने वर्गातल्या एका मुलाला स्टीलच्या बाटलीने मारलं होतं. तो चप्पल नीट न घालताच निघाला. वाटेत त्याला लेकीची काळजी वाटत होती आणि दुसरीही एक काळजी वाटत होती, जिची त्याला लाज वाटली. याच शाळेत इतिहासाच्या पूर्णवेळ जागेसाठी त्याने मुलाखत दिली होती, आणि “झाल्यातच जमा समजा,” असं मुख्याध्यापिका गेल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या.

त्यांच्या खोलीत ठकी ताठ बसली होती. समोर तो मुलगा, काडीपैलवान, कानाशी बर्फाची पिशवी धरून. शेजारी त्याचे वडील, वायरमन, खिशाला टेस्टर लावलेले, काम अर्धवट टाकून आलेले.

“तो माझ्या अंगावर धावून आला,” ठकी म्हणाली. “मी नुसती बाटली आडवी धरली.”

“कुणी पाहिलं नाही,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “पण हिची आजवर एक तक्रार नाही. याच्या मात्र आहेत. तर सर, आपण इथेच मिटवू या.”

तेवढ्यात मुलाने पिशवी बाजूला केली. टेंगूळ डाव्या कानाच्या मागे होतं.

ठकी डावरी. समोरून आलेल्याला डाव्या हाताचा फटका बसला तर तो उजवीकडे बसणार. डाव्या कानामागे बसायचा तर पोरगा पाठमोरा हवा. सतरा वर्षं त्याने असा स्वच्छ पुरावा शोधला होता, आणि आता तो समोर आला तेव्हा त्याला वाटलं, हा आपल्याला दिसलाच नसता तर किती बरं झालं असतं. त्याने ठकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “मिटवू या.”

ठकीचा हात धरून तो बाहेर व्हरांड्यात आला. वायरमनने मुलाला पुढे ढकललं. “सॉरी म्हण ताईला.”

“पण पप्पा, मी...”

“उलट बोलतोस?” बापाने हात उगारला. पोराने झटकन पाठ फिरवली आणि दोन्ही हातांनी मान झाकली.

असा वाकलेला माणूस त्याने हाडांवरून हजारदा मनात उभा केला होता, पण डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. आपण काय करतोय हे कळायच्या आत त्याने वायरमनचं मनगट धरलं होतं.

“मारू नका त्याला. तो पळत होता. हिने मागून मारलंय.”

वायरमनचा हात खाली आला. मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या.

“सर, प्रकरण मिटलं होतं ना?” त्यांचा आवाज बदलला होता.

“नाही मॅडम. मी मिटवलं होतं.”

त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं. नोकरीचं काय झालं ते विचारायची गरज उरली नाही. वायरमनने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, जरा घाईघाईनेच, आणि त्याला घेऊन फाटकाकडे निघाला.

ठकीने बाबाच्या हातातला हात हिसकावून घेतला. तिचे डोळे भरले होते.

“तू कोणाच्या बाजूने आहेस?”

असं विचारणाऱ्यांसाठी त्याच्याकडे भाषण तयार असायचं. आता त्याने खाली वाकून चप्पल नीट घातली.

“तो तुला रिकामटेकडा म्हणाला,” ठकी हुंदके देत म्हणाली. “सगळ्यांसमोर. तुझा बाबा घरी बसून माश्या मारतो, असं म्हणाला आणि हसत पळाला. म्हणून जिन्यात गाठून मारलं मी, तिथे कुणी नव्हतं.”

लेकीला पोटाशी धरावं आणि त्या पोराला पकडून चांगलं बदडून काढावं, या दोन्ही गोष्टी त्याला एकदमच वाटल्या. दुसरी इतकी खरी वाटली की तो घाबरला.

फाटकाशी वायरमन स्कूटरला किक मारत होता. ती सुरू होत नव्हती.

“चल,” तो ठकीला म्हणाला.

“कुठे?”

“माफी मागायला. दोघं जाऊ.”

“तू कशाला? तू थोडंच मारलंस?”

“मला टेंगूळ आतच दिसलं होतं,” तो म्हणाला. “मी गप्प बसलो.”

ठकीने नाक पुसलं. मग त्याच्या दोन पावलं मागून, हात न धरता, ती फाटकाकडे चालू लागली.