तिसरी फेरी

नौदलात पंधरा वर्षं काढून धम्मानंद सोनकांबळे गावी परतला, तेव्हा त्यानं गोव्याहून एक जुनी शिडाची होडी टेम्पोत घालून आणली. जेमतेम एका माणसाची, नऊ-दहा हात लांब. कंधारजवळच्या धरणात तो ती रोज संध्याकाळी चालवायचा. कामाशिवाय कुणी पाण्यावर फिरतं, हे गावाला नवं होतं.

धरणात मासे धरणाऱ्या ग्यानोबाला ती होडी फार आवडायची. त्याच्याकडं थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून केलेला तराफा होता. त्यावर बसून, हातानं पाणी मारत तो जाळी टाकायचा. "तुमचं बरं हाय साहेब," तो म्हणायचा, "वारंच काम करतंय. माझे खांदे गळून राहिले."

मे महिन्यातली ती संध्याकाळ. वारा पडलेला होता, शीड नुसतं लोंबत होतं. पश्चिमेला आभाळ काळं झालेलं धम्मानंदनं पाहिलं. अजून अर्धा तास आहे, असं त्यानं धरलं. दहा मिनिटांत पाण्यावरून एक काळी रेघ धावत आली, तिच्यामागं धूळ, आणि होडी एकदम आडवी व्हायला लागली. त्यानं शिडाची दोरी सैल सोडली, सुकाणू काखेत दाबलं आणि पाय आत अडकवून अंग बाहेर झोकलं. इतका वारा त्यानं समुद्रातसुद्धा एकट्यानं कधी पेलला नव्हता.

काठाकडं वळणार, तोच त्याला तराफा दिसला. उलटा. त्याला धरून ग्यानोबाचं डोकं लाटांत वर-खाली होत होतं.

पहिल्या फेरीत होडी फार वेगात आली. पाच-सहा हातांवरून जाताना धम्मानंदनं अंगातलं तरंगायचं जॅकेट काढून त्याच्याकडं फेकलं. वाऱ्यानं ते उचलून लांब नेऊन टाकलं.

"पाय गुतलाय," ग्यानोबा ओरडला. "जाळ्यात."

वाऱ्यावर परत फिरणं सोपं नव्हतं. होडीचं तोंड वाऱ्याच्या समोर येऊन अडकायचं, लाट तिला मागं ढकलायची. दोनदा तसं झालं. शेवटी वळली, पण वळताना शिडाची आडवी काठी त्याच्या कानशिलावर बसली. तरी तो जवळ गेला. ग्यानोबाची बोटं होडीच्या कडेला लागली, धम्मानंदनं मनगट पकडलं. मनगट ओलं होतं. होडी पुढं निघून गेली.

तेव्हा त्याला शिकवलेलं आठवलं. वारा जिकडून येतो, माणसाच्या त्या बाजूला जायचं, शीड मोकळं सोडायचं, मग वाराच होडी त्याच्यापाशी नेतो. हे पहिल्या फेरीलाच आठवायला हवं होतं.

तिसऱ्यांदा सगळं बरोबर झालं. होडी हळूहळू वाहत नेमकी तराफ्याला येऊन टेकली. तराफ्यावर कुणी नव्हतं. जाळ्याची दोरी तेवढी सरळ खाली गेली होती, ताणलेली.

धम्मानंदनं ती हाताला गुंडाळली आणि ओढली. दोन हात वर आली. आणखी एक. ओझ्यानं होडी त्या बाजूला कलली आणि पाणी आत यायला लागलं. उडी मारावी असं त्याला वाटलं. पण अंगात जॅकेट नव्हतं, आणि होडी गेली असती तर दोघंही गेले असते. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. नायलॉन तळव्यात रुतलं होतं. त्यानं दोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तराफा पलीकडच्या काठाला, बाभळींत अडकलेला सापडला. ग्यानोबा जाळ्यातच होता.

पाचव्या दिवशी धम्मानंद ग्यानोबाच्या घरी गेला. त्याची बायको केवळाबाई दारात बसली होती. तीस वर्षं तीही नवऱ्याबरोबर जाळी ओढत आली होती. धम्मानंदनं काही लपवलं नाही. तीन फेऱ्या सांगितल्या, आठवायला उशीर झाला ते सांगितलं, दोरी सोडली तेही सांगितलं.

केवळाबाईनं विचारलं, "दोरी धरली तवा हिसके लागत हुते का?"

लागत होते. लाटेचे असतील असं त्यानं त्या क्षणी स्वतःला सांगितलं होतं, आणि पाच दिवस तेच सांगत आला होता.

"नाही," तो म्हणाला. "नुसतं जड होतं."

केवळाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. लाटेचा हिसका कसा लागतो आणि जित्या जिवाचा कसा, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "जावा तुमी आता."