बाहेरून कडी

सरकारी दवाखान्याच्या सफाईचं कंत्राट आमच्या साहेबांकडे आहे, आणि सफाईच्या पोरी जिथे राहतात ती खोली माझ्याकडे. सगळ्या मला मावशी म्हणतात. सख्ख्या मावशीने केलं नसतं इतकं मी त्यांचं करते.

परवा सरकारी कचेरीतून तपासणीला एक बाई आल्या. मला वाटलं, गाद्या बघतील, संडास-मोऱ्या बघतील. मी सगळं घासूनपुसून लख्ख करून ठेवलं होतं. बाईंनी त्यातलं काही बघितलंच नाही. दारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "कडी बाहेरून का लावता?"

मी म्हटलं, "अहो, तरण्या पोरी आहेत. रस्त्याने नाही नाही ती माणसं फिरतात."

"मग आतून लावू द्या त्यांना."

हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात सगळ्यांत धाकटी, आम्ही तिला चिमणी म्हणतो, रडायला लागली. तिची आई अंथरुणाला खिळलीय, तिला घरी जायचंय. पण कंत्राट संपेपर्यंत सुट्टी नाही असं साहेबांनी सांगितलंय, आणि तिचं ओळखपत्र त्यांच्या कपाटात. हरवू नये म्हणून ठेवलंय, दुसरं काही नाही. मी तसं बाईंना समजावून सांगितलं. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मीच काहीतरी चोरलंय असं मला वाटायला लागलं. मला रागच आला. पोरींना गरम जेवण मी वाढते, ताप आला तर उशाशी मी बसते, आणि ही येऊन मलाच गुन्हेगार ठरवणार?

"सरकारी कामावर माणसं अशी डांबून ठेवता येत नाहीत. कंत्राटातच तसं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "आणि मावशी, तुमचं ओळखपत्र कुठेय?"

"तेही कपाटातच. सगळ्यांचंच आहे."

"तुम्ही घरी कधी गेला होतात?"

मी आठवायला लागले. धाकट्या भावाच्या लग्नाला जायचं राहिलं. त्याला मुलगी झाली तेव्हाही राहिलं. ती आता शाळेत जाते म्हणे. माझं डोकं पार भंजाळून गेलं.

बाई चिमणीला म्हणाल्या, "कपडे भर. तुझं ओळखपत्र आम्ही आणून देऊ." पोरगी पिशवी घेऊन त्यांच्या गाडीत बसली, आणि पुन्हा उतरून माझ्याकडे आली. माझा हात धरून म्हणाली, "मावशी, तुम्ही पण चला ना घरी."

दार सताड उघडं होतं. मी पायात चपला सरकवल्या आणि म्हटलं, "थांब हं, साहेबांना विचारून येते."