तीन बरण्यांची साक्ष

वसाहतीच्या मागच्या मळ्यात वांग्याच्या नव्या रोपांच्या कोवळ्या पानांची पुन्हा जाळी झाली आणि सेक्रेटरींचा पारा चढला. तांबूस पाठीवर काळे ठिपके असलेले मूठभर भुंगेरे त्यांनी एका फेरीत वेचले.

"हे सगळं त्या मावशींच्या रानातून येतंय!" असं म्हणत त्यांनी ऑफिसला निघण्याआधीच नोटीस लिहून टाकली. वाफा का काढून घेऊ नये, याचा खुलासा तीन आठवड्यांनी सभेत करावा.

चोवीस घरांचे चोवीस वाफे. मावशींचा शेवटचा, कुंपणालगतचा. त्यात झेंडू, चवळी आणि कमरेएवढं गवत. तीस वर्षं एका प्रयोगशाळेत किड्यांना पानं घालण्याची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. घरात एकट्याच. रोजची भाजी आणि बोलायला चार माणसं, दोन्ही त्यांना त्या वाफ्यावरच मिळत.

संध्याकाळी त्या नोटीस घेऊन सेक्रेटरींच्या दारात उभ्या राहिल्या. पिशवीत तीन रिकाम्या बरण्या होत्या.

"वाफा घ्या हो, पण आधी चोर कोण ते तरी बघा."

"मावशी, सगळेच म्हणतात, कीड तुमच्याकडूनच येते."

"सगळे म्हणतात म्हणून खरं होतं होय? अहो, भुंगेरा दिसेल ते खात नाही. पान मानवलं तर अळी फोफावते, नाही मानवलं तर उपाशी मरते पण तोंड लावत नाही. तुमच्या वाफ्यातलीच अंडी घ्या, तीन बरण्यांत वाटा आणि वेगवेगळी पानं घाला. पण घालायची तुम्ही! मी घातली तर लोक म्हणतील, बाईनं हातचलाखी केली."

सेक्रेटरी हट्टाला पेटले. वांग्याच्या पानामागून त्यांनी पिवळ्या अंड्यांचा पुंजका आणला. पहिल्या बरणीत मावशींचा झेंडू, चवळी, गवत. दुसरीत मावशींच्याच कुंपणातली कामोणी, वांग्याच्या गोतातलं तण. तिसरीत सेक्रेटरींच्या जुन्या वांग्यांची पानं. बहर संपून महिने झाले होते, पण "अजून दोन-चार वांगी येतात की!" म्हणून ती झाडं त्यांनी काढलीच नव्हती. तशी तेवीस वाफ्यांत कोणीच काढली नव्हती.

चौथ्या दिवशी अळ्या बाहेर आल्या. सेक्रेटरी रोज सकाळी दाढीच्या आधी पानं बदलू लागले.

"पोरांना कधी वेळेवर जेवू घातलं नाहीत," बायको म्हणाली, "अळ्यांचं मात्र अगदी मायेनं चाललंय!"

पहिल्या बरणीतल्या अळ्यांनी पानाला दातही लावला नाही. दोन-तीन दिवसांत सगळ्या मेल्या. दुसरीतल्या काटेरी, पिवळ्या, गुबगुबीत झाल्या. तिसरीतल्या जरा उशिरा, पण तशाच पोसल्या आणि कोषात गेल्या. सभेच्या सकाळी त्या बरणीत ओल्या पंखांचा नवा भुंगेरा काचेवर चढत होता.

सेक्रेटरी खुर्चीत बसले. नव्या रोपांवर येणारी कीड वर्षभर त्यांनीच पोसली होती! आणि निघाले होते चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. बरण्या लपवणं सोपं होतं. मावशींनी तर एकदाही येऊन विचारलं नव्हतं.

सभेत मावशीच आधी उठल्या. "कामोणी माझ्या कुंपणात होती. तिच्यावर कीड वाढते, हे ठाऊक असून मी कंटाळा केला. ती चूक माझी. काल उपटून टाकली."

सेक्रेटरींनी बरण्या टेबलावर मांडल्या.

"आणि मोठी चूक आमची!" त्यांनी तिसरी बरणी वर धरली. "हा भुंगेरा माझ्या जुन्या वांग्यांवर वाढलाय. तुमच्या वाफ्यांतही तीच झाडं उभी आहेत. मावशींचं गवत त्याला विषासमान आहे. मावशी, मी चुकलो!" नोटिशीचे त्यांनी सर्वांसमोर चार तुकडे केले.

मागून कोणीतरी म्हणालं, "मग बसलोय कशाला? चला!"

अंधार पडायच्या आत तेवीस वाफ्यांतली जुनी वांगी मुळासकट उपटली गेली. नव्या रोपांवरचे उरलेसुरले भुंगेरे नि अंडी मावशींनी सगळ्यांना महिनाभर वेचायला लावली. आणि पुढच्या लावणीला पानं अशी हिरवीगार, धडधाकट आली की लोक मुद्दाम बघायला येऊ लागले! मावशी वाफ्यावाफ्यातून रुबाबात फिरत, आणि एखादं जाळी पडलेलं पान दिसलं की सेक्रेटरींनाच दटावत.

त्या हंगामाच्या अखेरीस सेक्रेटरींनी वांग्याच्या झाडाला हात घातला, तेव्हा त्यावर एक छोटंसं वांगं लटकत होतं. ते क्षणभर थांबले, हसले, आणि त्यांनी झाड उपटलं.

मंडळी, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही आपली जुनी खोड. गावातली कीड कोण पोसतं हे शोधायला जरूर निघा. मात्र पहिलं पाऊल स्वतःच्या वाफ्यात टाका!