पान बारावरचं खोडलेलं वाक्य

मित्रांनो, मला कुठनंबी उघडा, पान बाराच उघडतं! मी इंग्रजी बोलायला शिकवणारं जुनं पुस्तक हाय. बारामतीच्या एसटी स्टँडवर दोरीला लटकून ऊन खात व्हतो, तवा कळंबच्या मोनालीनं मला घेतलं. लई लाड झाले माझे. वर्तमानपत्राचं कव्हर काय, नावाची चिठ्ठी काय!

मोनाली द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये कात्रीनं घडातले खराब मणी काढायची. एक दिवस मालक म्हणाले, "सोमवारी परदेशातल्या बाई माल बघायला येणारेत. तू नीट बोललीस, तर हितनं पुढं पाहुण्यांना शेड दाखवायचं काम तुझं."

त्यांचा पुतण्या यशराज लगेच फिस्कारला, "ही बोलणार? हिची कात्रीबी हसंल!"

मग काय, मोनाली भाकरी थापता थापता मला पाठ करायला लागली. पान बारा. 'इट गिव्हज मी इमेन्स प्लेझर टु वेलकम यू.' तिच्या पिठाची बोटं अजून हायेत तितं.

सोमवारी बाई आल्या. मी मोनालीच्या पिशवीत, जीव मुठीत धरून. "इट गिव्हज मी... इमेन्स..." आन गाडी रुतली! यशराज खुदकन हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची काय चूक वो? मीच कडक इस्त्रीचा! घरी आलेल्या माणसाशी असं कुणी बोलतं व्हय?

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरनं सिंधुबाई ओरडल्या, "अगं बये, भाषण काय ठोकतीयास? पाहुणी घामानं निथळतीय! गूळपाणी दे आधी!"

मोनालीनं जीभ चावली. पळत जाऊन तांब्या आन गुळाचा खडा आणला. "हॉट, इझन्ट इट? कम, सिट. हॅव सम वॉटर फर्स्ट."

बाई हसल्या, बसल्या. गूळ चाखून म्हणाल्या, "व्हॉट्स धिस?"

"जॅगरी! फ्रॉम अवर केन. हॅव अनदर!"

आन मग जी गाडी सुटली! दोघी तासभर शेडभर बोलत फिरल्या. काम मोनालीलाच मिळालं.

घरी येऊन तिनं माझं ते वाक्य पेन्सिलीनं खोडलं. लई झोंबलं मला. पण खाली तिनं लिहिलं, 'कम, सिट. हॅव सम वॉटर फर्स्ट.' तवा कुठं मी बोलता झालो!

आता शेडमधल्या पोरी मला मागून नेतात. कव्हर गेलं, पानं सुटली, छापल्यापेक्षा पेन्सिलीचंच जास्त हाय. मित्रांनो, सुटलेली पानं तेवढी चिकटवा, पण मला कपाटात कोंडू नका. खोडा, लिहा, बोला. आन बोलताना कुणी अडखळलं, तर हसू नका.

आधी पाणी द्या.