चिमणाबाईचा डावा कान

दिवाळीच्या करंज्या अजून डब्यात होत्या, आणि जोतीरामच्या घरात दोघी जावांचं बुगडीवरून वाजलं. हुपरीच्या अलीकडचं गाव, भिंतीला भिंत लागलेली. चौथ्या घरापर्यंत शब्द न् शब्द ऐकू गेला.

बुगडी घालायची कानाच्या वरच्या कडेला, जिथं कान हाडासारखा कडक असतो तिथं भोक पाडून. घरात मोत्यांचा जोड एकच, सासूचा. सासूला सारं गाव आक्का म्हणे, सुनासुद्धा. थोरली सून चिमणाबाई, म्हणजे जोतीरामची बायको, सासरी आली तीच एका कानाला भोक घेऊन. सात वर्षांची असताना माहेरी सोनारानं उजवा कान टोचला आणि डाव्याला हात घातला, तर हिनं त्याचं बोट असं चावलं की तो माणूस परत त्या घराची पायरी चढला नाही. मग आक्कांनी तिला एकच बुगडी दिली. दुसऱ्या कानाला भोक पडलं की दुसरी, असं सांगून ती स्वतःच्या कानात ठेवली. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. एवढी वर्षं चिमणाबाई प्रत्येक फोटोत उजवा कान पुढं करून उभी राहिली, आणि गाव तिला पाठीमागं एककानी म्हणत राहिलं.

धाकटीचं, धोंडुबाईचं म्हणणं सरळ होतं. थोरलीला टोचून घ्यायचं धाडस नाही, तर ती दुसरी बुगडी मला द्या.

आक्कांनी सुपारी गालात सरकवली. "चैताच्या जत्रंपतूर चिमणीचा डावा कान टोचून बरा झाला, तर जोड तिचा. न्हाय झाला, तर ही धोंडीची. आता दोघीबी गप बसा."

पुढच्याच बाजारी चिमणाबाई हुपरीला गेली. या खेपेला सोनाराचं बोट वाचावं म्हणून तिनं पदराचा बोळा आपणच तोंडात कोंबला. सोनारानं उजव्या कानाचं माप घेऊन शाईचा ठिपका दिला, भोक पाडलं आणि चांदीची तार घातली. वरचा कान पाळीसारखा नसतो, त्याला महिने लागतात, हात लावायचा नाही, त्या कुशीवर निजायचं नाही, मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायचं, असं त्यानं बजावून सांगितलं. चिमणाबाईनं मान डोलवली आणि वाटेतच सगळं विसरली.

आठ दिवसांत उसाच्या पाल्यानं कान खरचटला. दुसऱ्या दिवशी धार काढताना म्हशीनं त्याच कानावर शेपूट हाणलं. कान लाल झाला, ठणकायला लागला. चिमणाबाईनं आपल्या डोक्यानं विचार केला. जुवानं सोललेला बैलाचा खांदा गोठ्यातल्या मलमानं चार दिवसांत बरा होतो, मग कान तो केवढासा! बोटभर मलम थापून ती निजली. सकाळी कान भज्यासारखा फुगला होता. सांगायचं कुणाला? आक्कांना कळलं तर बुगडी गेली, आणि धोंडुबाईला कळलं तर आक्कांना कळलंच. ती पदर गच्च ओढून, मान वाकडी करून भाकरी थापत राहिली.

तिसऱ्या दिवशी उसाचं वाडं गोळा करताना धोंडुबाईनं तो पदर मागं ओढला. तिला गप बसून जत्रेची वाट बघता आली असती. बुगडी आपोआप चालत आली असती.

"काय लावलंयसा ह्याला?"

"बैलाचं मलम."

"तुमी बैल हाय व्हय?" असं म्हणून तिनं विळा टाकला, जावेचा हात धरला आणि आल्या बसनं हुपरीचा दवाखाना गाठला. डॉक्टर दोघींनाही बोलला. गोळ्या दिल्या, नीट जपलं तर कान वाचेल म्हणाला. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ धोंडुबाई पाणी उकळून, मीठ घालून, निववून, धुतलेल्या फडक्यानं तो कान पुढून-मागून पुसू लागली. चिमणाबाईचा हात कानाकडं गेला की ती फटका मारी.

शिवरात्रीच्या सुमाराला चिमणाबाईनं विचारलं, की बाई, तुला एवढं कसं ठाऊक? धोंडुबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि पदर सारला. तिच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला कडुलिंबाची बारीक काडी होती.

"भाऊबीजंला म्हायेरी गेलते, तवाच टोचून आले. तुमचा कान काय धड व्हत न्हाय, असं वाटलं."

"मग वाचवलास कशाला?"

"बघवंना."

चिमणाबाईला रडू आलं आणि हसूही आलं. तिनं दोन्ही उरकून घेतलं.

चैत्रात दोघी न्हाऊन आक्कांसमोर बसल्या. आक्कांनी थोरलीचा कान ओढून, वळवून बघितला. ना सूज, ना खपली; तारेच्या जागी आता लिंबाची काडी. तेवढ्यात धाकटीचा पदर घसरला आणि तिची काडीही दिसली. आक्कांनी आपल्या बुगडीच्या फिरकीला हात घातला. ती फिरेना. त्यांनी आपल्याच हातानं तेल घातलं, साबण लावला, तरी नाहीच. शेवटी जत्रेत पाल मांडायला आलेला सोनार चिमटा घेऊन आला.

"कानाला चिमटा लावशील, तर बोट चावीन," आक्का म्हणाल्या. मग सुनांकडं वळल्या. "मी गेल्यावर काढा. तवर भोकं बुजू दिऊ नगासा. काड्या बदलत ऱ्हावा."

जत्रेत आक्का बुगडी मिरवत मधून चालल्या, आणि दोन्ही बाजूंनी दोन सुना कानात काड्या घालून.

जत्रा झाल्यावर चिमणाबाई आक्कांच्या डोक्याला तेल लावत होती. बोट सहज फिरकीला लागलं, आणि फिरकी लोण्यातून फिरावी तशी गरकन फिरली. आक्कांनी डोळे मिटलेलेच ठेवले, पण त्यांचा श्वास थांबला. बावीस वर्षांची वाट आता दोन वेढ्यांवर आली होती. पण उघडा कान घेऊन चारचौघांत उभं राहणं काय असतं, हे त्या घरात चिमणाबाईइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिनं फिरकी उलटी फिरवून पहिल्यापेक्षा घट्ट बसवली.

"धोंडे," तिनं चुलीकडं हाक दिली, "लई गच्च बसलीया गं ही. लिंबाच्या दोन काड्या तासून ठेव."