फुलीच्या वरचा श्रीकार

या मित्रांनो, अगदी जवळ येऊन बसा. माझं आख्यान छोटं आहे, पण त्याच्या पोटात एक गुपित आहे.

मी एक जुनी पेन्सिल आहे. झिजून झिजून आता अंगठ्याएवढी उरले. आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावच्या सभागृहात, टेबलाच्या खणात माझं आयुष्य गेलं. मुलांनी माझ्याकडून चित्रं काढून घेतली, म्हाताऱ्यांनी पत्त्यांच्या डावांचे गुण मांडले. रविवारी तिथं मराठी मंडळी जमत आणि डॉक्टर प्रभाताई कीर्तन करत. पेटीचा सूर लागला, की खणात माझं लाकूड शहारायचं.

२००२च्या दसऱ्याला ताईंनी सुदाम्याचं आख्यान लावलं. "न बोलावता आलेल्यासाठी देव अनवाणी दारापर्यंत धावला," असं त्या रंगून सांगत होत्या. कीर्तन संपल्यावर धाकटा भाऊ पद्माकर जवळ आला.

"ताई, शनिवारी तू 'नो'च करायचंस."

शनिवारी देशभर मतदान होतं. युरोपच्या संघात आणखी देश घ्यायची वाट मोकळी करायची का, एवढाच प्रश्न. दोघांत मत फक्त ताईंना होतं, त्या इथल्या नागरिक झालेल्या. पद्माकर मात्र वर्षावर्षाच्या परवान्यावर नोकरी करत होता.

"दहा देशांची माणसं आली, की मला कोण विचारतंय?"

"तीही पोटासाठीच येणार ना रे, पदू?"

"कीर्तन संपलं, ताई," तो म्हणाला.

शनिवारी सभागृहाचं मतदान केंद्र झालं आणि मत देण्याच्या आडोशात मला दोरीनं बांधलं. बाहेर खांबांवरचे प्रचाराचे फलक वाऱ्यात आपटत होते. माझ्या डोक्यावर सूचना होती: एका फुलीखेरीज कागदावर काहीही लिहाल, तर मत बाद.

ताई आल्या. सूचनेकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. जन्मभराच्या सवयीनं त्यांनी आधी वर 'श्री' लिहून घेतलं, मग डोळे मिटून 'नो'पुढे फुली मारली.

मत गुप्त असतं, मित्रांनो. पण हे मोजलंच जाणार नव्हतं, म्हणून सांगते. मला ओरडता आलं नाही. कागद मतपेटीत पडला.

'येस' जिंकलं. दीड वर्षानं दहा देश आत आले, आणि पद्माकरचा परवाना वाढला नाही. जाण्याआधी तो सभागृहात आला, ताईंच्या पाया पडला.

"तू तरी माझ्या बाजूनं होतीस."

ताईंनी मान डोलावली. पण त्या मतदानानंतर सुदाम्याचं आख्यान त्यांनी कधीच लावलं नाही.

देवानं त्या श्रीकारात भावाला सोडलं, की बहिणीला दार लावण्यापासून वाचवलं, मला अजून कळत नाही. बाळांनो, लिहिण्याआधी वरची सूचना वाचत जा. आणि संध्याकाळी देवापाशी हात जोडाल, तेव्हा पद्माकरची आठवण काढा. तोही कुणाच्या तरी दाराशी उभा असेल.