काठाचा झोळ

कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये, पण गोधडीवर रेघ धरायची ही पट्टी — तळहाताएवढी, जाड, काचेसारखी पारदर्शक, एका कोपऱ्याचा टवका उडालेली — आजवर एकदाही घसरलेली नव्हती. मशीन घसरलं असेल, कापड घसरलं असेल, एका गिऱ्हाइकाचं मांजर अस्तर आणि कापसाच्या मधे शिवलं जाऊन आठवडाभर आतून घुरघुरत राहिलं असेल (हे मशीन चालवणारी ती स्वतःच सांगायची, आणि घरातली पोरं तिला थापाडी म्हणायची ती काही उगाच नाही), पण पट्टी, छे! आत्ताही डाव्या हाताच्या पंजाखाली ती गप्प बसली होती, खाली चिकटवलेल्या खरबरीत तुकड्यांनी कापड धरून... आणि तिच्याखाली थोरल्या बहिणीने, ताईने लावलेला काठ उतू जायला आलेल्या दुधासारखा फुगून वर येत होता.

गोधडी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रुळांवर ताणलेली. इथे कापड जागेवर राहतं आणि मशीनच त्याच्यावरून फिरतं. उजव्या हातात त्याची मूठ, डाव्या हाताखाली पट्टी, आणि पट्टीच्या कडेला घासत सुईचा पाय पुढे सरकतो. मधल्या तुकड्यांच्या चांदण्या ताईने बऱ्या जोडल्या होत्या, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण काठ! काठ लावताना गोधडी आधी मधून मोजायची, त्या मापाचा काठ कापायचा आणि मग शिवायचा, हे हिला किती वेळा सांगितलं — नाही, ही बाई आपली एका टोकाला लांबलचक कापड लावणार, मशीनखालून सोडत जाणार आणि दुसऱ्या टोकाला उरेल ते कापून टाकणार. मग काठ वाढणार नाही तर काय! वाढलेला काठ लाटांसारखा लहरतो. आणि तो घेऊन दारात उभं राहायचं, हसत — "अगं, थोडा झोळ आलाय. तू बसवशील गं."

तू बसवशील. मी काय इस्त्री आहे का?

त्या शब्दाने तिचं डोकं आजही तापायचं, कारण तो शब्द काठापुरता कधी नव्हताच... ताईने कुणाला काही कबूल करून यायचं आणि ते धाकटीने बसवायचं, ताईच्या सासरचे पाहुणे धाकटीच्या घरात बसवायचे, ताईचे रुसवे धाकटीने घरात फिरून बसवायचे. आणि आईची खाट. याच खोलीत. आई बाहेर खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन, आपल्याला कुठे ठेवतायत हे ऐकू येत नसल्यासारखी भिंतीकडे बघत, आणि ताई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "बसेल गं खाट, सहज बसेल." टेप नाही, काही नाही, नुसती मान तिरकी करून. खाट बसली, म्हणजे धाकटीचं टेबल बाहेर गेलं तेव्हा बसली, आणि दार बिजागऱ्यांवरून उतरवलं तेव्हा बसली. दार अजून गच्चीवर आहे. आई गेली, खाट गेली, मशीन आलं, दार काही परत लागलं नाही. ताईला तेव्हा दिसलंच नव्हतं, असं ती स्वतःला सांगत आली — नजरच नाही तिला, मापच नाही. नसलेल्या गोष्टीबद्दल माणसाला किती बोलायचं!

काल तिने काठावर पारदर्शक प्लास्टिक पसरून त्याच्यावर पेनाने नक्षी आखली होती. कमानीच्या पट्टीने दाट दाट पंखे, एकाच्या कुशीत दुसरा. प्रत्येक कमानीने चिमूटभर झोळ गिळायचा, म्हणजे कुणाला पत्ता लागत नाही. झालं होतं सगळं. आणि आज सकाळी ताईचा फोन. "फार नक्षी नको हं करत बसू. काठाला समांतर सरळ रेघा मार, तुलाही सोपं पडेल. पोरीला घेऊन येतेच संध्याकाळी, तिच्या नव्या घरासाठी आहे, तिलाच देऊन टाकू."

सोपं!

तिने फडका घेऊन प्लास्टिकवरचे पंखे पुसून काढले. बरं. सरळ रेघा हव्यात ना, घे सरळ रेघा. झोळ आलेल्या काठावर लांब सरळ रेघ म्हणजे काय, ते हिला एकदा बघू दे. सुईचा पाय जादा कापड पुढे ढकलत नेतो, ढकलत नेतो, आणि कोपऱ्यात ते जाडजूड चुणी होऊन बसतं, ओठ काढल्यासारखं. ती चुणी भाचीसमोर चिमटीत धरायची आणि म्हणायचं — हे तिने पट्टी दाबता दाबता घोटून ठेवलं — ताई, हे तुझं. मी नाही बसवणार.

पहिली रेघ झाली. दुसरी. कोपऱ्यात चुणी आली, हवी होती तश्शी, जाडजूड, निर्लज्ज. ती बघत राहिली. काय बरं वाटलं! वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ते जरा किरकिरं वाटलं म्हणून ती पाणी प्यायला गेली, आणि परत आली तेव्हा हातात उसवणी होती. आता ही कुणी दिली हातात? तिने काहीही ठरवलं नव्हतं. टाके तुटत होते, कट् कट्, आणि ती ताईला शिव्या घालत होती, मग स्वतःच्या बोटांना, कारण बोटांना राग म्हणून काही कळतच नव्हतं. ती टाचण्या लावत होती, झोळ सगळीकडे सारखा वाटून देत होती, वाफ देत होती, कमानीची पट्टी फिरवत होती. दिवसभर पंख्यामागून पंखा, आणि प्रत्येक पंख्याला एक शिवी. चांदण्याही झाल्या, खालचा काठही झाला. नक्षी अशी उतरली की तिला रडू यावं. आलं नाही, दात मात्र दुखायला लागले आवळून आवळून.

त्या दोघी आल्या तेव्हा गोधडी टेबलावर पसरलेली होती.

"मावशी, यात मांजर आहे का?" भाचीने आल्याआल्या विचारलं.

"आहे. घुरघुरलं तर थोपट, उसवू नकोस."

भाची हसली, काठावरून तळवा फिरवत गेली. ताई खुर्चीत टेकून पदराला चिकटलेले दोरे वेचत बसली, एक एक, फार लक्ष देऊन.

"किती सपाट आहे गं! आई, तू लावलास हा काठ? तुला जमला?"

आता. वाक्य ओठांवर होतं, दिवसभर घोटलेलं. तिने पट्टी मुठीत घट्ट धरली, भाचीकडे पाहिलं, ताईच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं, आणि तोंडातून भलतंच बाहेर आलं. "तुझा विश्वास बसणार नाही, पण इतका सरळ काठ माझ्याकडे आजवर आलेला नाही! काही म्हणजे काही बसवावं लागलं नाही. मशीन आपोआप चालत गेलं, मी नुसती शेजारी उभी."

"खोटं बोलतेय ती."

ताईने मान वर केली नव्हती. एक दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली, "चांगला वीतभर जास्त होता तो काठ. गोधडी मधून मोजली होती मी, कापण्याआधीच. मग म्हटलं, जाऊ दे. ती आहे बसवायला."

मोजली होती.

भाची हसत होती, थाप पकडली गेली म्हणून टाळ्या पिटत होती, आणि थापाडीची नजर दाराकडे गेली, दार नसलेल्या चौकटीकडे, बिजागऱ्यांच्या गंजलेल्या खुणांकडे... मान तिरकी करून उंबऱ्यात उभी असलेली ताई. तेव्हाही दिसलं होतं हिला? तिने आत हात घालून चाचपावं तसं पाहिलं, राग आपल्या नेहमीच्या जागी आहे ना. होता. पण थंड, सपाट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेला, आणि काही बसवून घ्यायला त्यात कुठे म्हणून झोळ उरला नव्हता.